नागपुरात बी.ए. इतिहास करतोय, डिजिटल ह्युमॅनिटीज मायनर घेऊ का?

घे, पण फक्त कम्प्युटर येईल म्हणून नको. प्रश्न इतिहासाचेच असतात, साधनं तेवढी नवी. म्हणजे महाल भागाचा जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवायचा: देऊळ, वेस, पूल अशा न हललेल्या खुणा जुळवायच्या, मग शुक्रवारी तलावाचा काठ तेव्हा कुठे होता ते तपासता येतं. सॉफ्टवेअर फुकट आहे. टेसरॅक्ट हा पानाच्या फोटोतून मजकूर काढणारा प्रोग्रॅम छापील मराठी वाचतो, पण जुन्या, पुसट पानांवर जोडाक्षरांचा पार चेंदामेंदा करतो. दुरुस्ती हातानेच (जाम कंटाळवाणी, बाप्पा!). भोसलेकालीन कागदांत शिरायचं तर आधी मोडी शिक. प्रवेशाआधी प्रकल्पाला किती क्रेडिट आहेत ते बघ. नुसत्या पीपीटी दाखवणार असतील तर दुसरं मायनर शोध.