गाडीचे पिवळे पडलेले हेडलाइट टूथपेस्टने साफ होतात का?

साफ होतात, पण टिकत नाहीत. टूथपेस्टमधली बारीक पूड वरचा मळकट थर खरवडते, काच चकाकते आणि काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते.

हल्लीच्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. (जुन्या अँबेसिडर, पद्मिनीला खरी काच असायची, तिला हा त्रासच नव्हता.) हे प्लास्टिक दगडाने सहसा फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतं, म्हणून कंपनी त्यावर कोटिंग देते. ते कोटिंग संपलं की पिवळेपणा सुरू. म्हणजे खरं काम घासण्याचं नाहीच, गेलेलं कोटिंग परत चढवण्याचं आहे.

घरी करायचं तर आधी दिवा साबणाने धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घ्या; नंबर जितका मोठा तितका तो बारीक. खूपच पिवळं असेल तर 800 नंबरपासून, नाहीतर 1000 पासून, पुढे 1500, 2000, जमल्यास 3000. पेपर आणि काच सतत ओली हवी. सुरुवातीला पिवळट, दुधाळ पाणी ओघळतं. ते पांढरं यायला लागेपर्यंत पहिला नंबर सोडू नका. या टप्प्यावर दिवा पार धुरकट दिसतो. घाबरू नका. प्रत्येक नंबरनंतर तो उजळत जातो. शेवटी रबिंग कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट) आणि मऊ कापड.

बरेच जण इथेच थांबतात. तसं करू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून अतिनील किरणांपासून संरक्षण देणाऱ्या क्लिअर कोटचे (पारदर्शक थराचे) दोन-तीन पातळ हात मारा आणि दिवसभर पाणी लागू देऊ नका. हार्डनर (थर कडक करणारं रसायन) मिसळलेला क्लिअर कोट जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते, ते काम पेंटरकडूनच करून घ्या. थिनरने काच पुसू नका, प्लास्टिकला बारीक तडे जातात.

आणि कृपा करून धुरकट काचेमागे जास्त वॅटचा बल्ब लावू नका. तो प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो; पावसाळ्यात रात्री घाट चढताना हे फार जिवावरचं आहे.

घासायच्या आधी काचेवर बोट फिरवून बघा. खरखरीतपणा बाहेरून लागत असेल तर वरचा उपाय चालेल. आत पाणी साचलं असेल किंवा रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा उडाला असेल, तर घासण्यात वेळ घालवू नका, जोडी बदला.