एकच केशरी, चार ठिकाणी

नागपूर

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

संत्रा बर्फीच्या दुकानासाठी तू केलेले काम पाहिले. बोधचिन्ह नेटके आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही. मात्र डबा, वर्तमानपत्रातील जाहिरात, वर्धा रोडवरचा फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवरचे चित्र या चारही ठिकाणी तू एकच फाइल लहानमोठी करून वापरली आहेस, आणि दुकानदाराला जे सांगायचे आहे ते तिथेच गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायचे राहते.

रंगाचेच घे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे केशरी ही या दुकानाची ओळख ठरावी हे योग्यच आहे. (झाडावरचे संत्रे पुष्कळदा हिरवट-पिवळे असते, पण ते गिऱ्हाइकाला कोण सांगणार!) पडद्यावर हा रंग लाल आणि हिरव्या प्रकाशातून तयार होतो, छपाईत तोच पिवळ्या आणि मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, शाईतून काढावा लागतो आणि शाईला प्रकाशाची झळाळी नसते. गुळगुळीत आर्ट पेपरवर तो थोडा उतरतो, वर्तमानपत्राच्या करड्या, शाई पिणाऱ्या कागदावर बराच. उमेदवारीच्या काळात मिठाईच्या डब्यांचा रंग मी केवळ संगणकावर पाहून पक्का केला होता. खाकी पुठ्ठ्यावर छापून आलेले डबे विटेच्या रंगाचे निघाले आणि त्यांची भरपाई माझ्या पगारातून झाली. म्हणून डब्यासाठी केशरी हा स्पेशल कलर, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार शाईंखेरीज स्वतंत्र पाचवी शाई, म्हणून छापून घे आणि प्रूफ, म्हणजे तपासणीची नमुना-छपाई, त्याच पुठ्ठ्यावर काढ. खर्च वाढेल, पण हा डबा पाहुण्यांच्या हातून पुण्या-मुंबईला जातो, हे दुकानदाराला पटवून देणे हेही तुझेच काम आहे.

फ्लेक्सवर तू नाव, पत्ता, दोन दूरध्वनी क्रमांक आणि अकरा पदार्थ बसवले आहेस. गाडीवरून जाणाऱ्याच्या हाती जेमतेम तीन-चार सेकंद असतात. शंभर फुटांवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षर साधारण दहा इंच उंच लागते, आणि देवनागरीत वरच्या वेलांट्यांना व खालच्या उकारांना जागा सोडावी लागत असल्याने दोन ओळींतच फलक भरतो. तेव्हा दुकानाचे नाव आणि चौकाची खूण एवढेच ठेव. ते नावही केशरीत नको: मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना उन्हाने पिवळी आणि मॅजेंटा शाईच आधी उडते.

वर्तमानपत्राकडे फाइल पाठवताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे रेखाकृतींत रूपांतर करून पाठव, नाहीतर त्यांच्या संगणकावर तुझा फाँट नसल्यास जोडाक्षरे फुटतात. रंगीत पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरेही टाळ, कारण चार रंगांच्या प्लेटा किंचित सरकल्या तरी ती बुजतात.

व्हॉट्सॲपसाठी उलट विचार कर. तिथे माणूस चित्र हातात धरून निवांत पाहतो, पण चित्रात कोरलेला दूरध्वनी क्रमांक त्याला सहसा बोटाने दाबून लावता येत नाही. क्रमांक आणि पत्ता चित्राखाली मजकुरात युनिकोडमध्ये टंकून दे.

शनिवारी इतवारीतल्या प्रेसवर ये आणि डब्याचा कोरा पुठ्ठा सोबत आण. प्रूफ निघाले की ते बाहेर उन्हात नेऊन पाहू.

तुझा हितचिंतक