राजकीय कादंबरीतल्या उपहासाने सत्ताधाऱ्यांचं खरंच काही वाकडं होतं का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की वाचणारे हसतात आणि विसरून जातात, मग लेखकाने जीव धोक्यात कशाला घालावा? आणि एखादं उदाहरण मागितलंय.

माझं उदाहरण केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो. वाकडं होतं, पण टोमणा कुठल्या भाषेत मारलाय त्यावर बरंच अवलंबून असतं, असं मला त्यांच्यामुळे वाटायला लागलं.

१९७७ सालीच बघा. जुलैमध्ये त्यांची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी नैरोबीत प्रकाशित झाली. गोरे साहेब गेले आणि त्यांच्याच खुर्च्यांवर काळे साहेब ऐसपैस बसले, हे त्यात आडपडदा न ठेवता लिहिलंय. प्रकाशन कोणाच्या हस्ते? अर्थमंत्री म्वाई किबाकींच्या! सरकारने लेखकाच्या केसालाही धक्का लावला नाही.

त्याच वर्षी न्गुगींनी लिमुरूजवळच्या कामिरीथू या आपल्या गावात न्गुगी वा मिरी यांच्याबरोबर एक नाटक लिहिलं, गिकुयू या आपल्या मातृभाषेत. नट म्हणजे गावातले शेतमजूर, कारखान्यातले कामगार, बायाबापड्या. उघड्यावरचं नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः उभारलं. संवाद चुकले तर म्हातारी माणसं तालमीतच दुरुस्त करायची, 'आमच्यात असं बोलत नाहीत' म्हणून. ऑक्टोबरात प्रयोग सुरू झाले, गाड्या भरभरून लोक यायला लागले, नोव्हेंबरच्या मध्याला परवाना रद्द. ३१ डिसेंबरला न्गुगींना घरातून उचललं. ना खटला, ना आरोपपत्र. स्थानबद्धतेच्या हुकुमावर सही होती उपराष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांची.

इंग्रजी कादंबरीला मंत्र्याचा हार आणि गिकुयू नाटकाला तुरुंग. एकच लेखक, एकच विषय, मध्ये सहा महिनेही नाहीत.

कामिटी तुरुंगात ते झाले कैदी के ६,७७. तिथे त्यांनी ठरवलं, की ज्या भाषेपायी आत टाकलं तिच्यातच पुढची कादंबरी लिहायची. कागद कुठून आणणार? टॉयलेट पेपर. तो मुद्दाम खरखरीत दिला जायचा, कैद्यांना त्रास व्हावा म्हणून; पण न्गुगी लिहितात, की अंगाला बोचणारा तो कागद पेनाला मात्र झकास मानवला. एकदा झडतीत सगळं हस्तलिखित जप्त झालं. तीनेक आठवड्यांनी तुरुंगाधिकाऱ्याने ते परत केलं. म्हणाला, यात वावगं काही दिसत नाही, पण तुमची गिकुयू फार अवघड आहे बुवा! ज्या पुस्तकात सत्ताधाऱ्यांची सालटी काढली होती, ते सरकारी माणसानेच पास केलं.

ती ही कादंबरी, इंग्रजीत 'डेव्हिल ऑन द क्रॉस'. (मूळ नावातला सैतान गिकुयूत 'शैतानी' आहे. आपला आणि त्यांचा सैतान एकाच अरबी शब्दाच्या पोटचा.) इल्मोरोग गावातल्या एका गुहेत चोरांची स्पर्धा भरते, परदेशी पाहुणे परीक्षक. एकेक चोर उठून आपण देश कसा लुटला ते छाती फुगवून सांगतो. एक बिचारा फाटका चोर म्हणतो, मी भूक लागली की चोरतो. त्याला हाकलून देतात, इथे असल्या भुरट्यांचं काम नाही म्हणून. दुसरा सुचवतो, आता माती डब्यात भरून विकू, मग हवासुद्धा. तिसऱ्याने शिशुशाळा काढलेली असते. आधी कोणी फिरकत नाही. मग तो एक जख्ख म्हातारी गोरी बाई बसवतो, गोऱ्या मुलांचे पुतळे आणून त्यांना कपडे-टोप घालतो, फी भरमसाट वाढवतो. पालकांची झुंबड.

१९८० साली पुस्तक निघालं तेव्हा ते घरोघरी, बसमध्ये, बारमध्ये मोठ्याने वाचलं जायचं. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही ऐकायचे. बारमधला वाचणारा ऐन रंगात थांबायचा, रिकाम्या ग्लासकडे बघायचा, आणि लोक ओरडायचे, अरे, याला अजून एक बाटली द्या!

पुढचा प्रसंग तर कादंबरीत घातला असता तर 'अतिशयोक्ती' म्हणून नावं ठेवली असती. १९८६ मध्ये 'मातिगारी' आली. नायक देशभर फिरून विचारतो, सत्य आणि न्याय कुठे मिळेल? गावोगाव या मातिगारीची चर्चा सुरू झाली. मोई तोवर राष्ट्राध्यक्ष. त्यांना वाटलं खराच कोणी माणूस आहे, आणि त्याला पकडायचा हुकूम सुटला. तो पुस्तकातला आहे हे कळल्यावर १९८७ मध्ये पोलिसांनी दुकानांतून पुस्तकं उचलली. लेखक तेव्हा हाती लागणार नव्हता, १९८२ पासून तो देशाबाहेरच होता.

हा राग आकाशातून पडलेला नव्हता. न्गुगींचा जन्म १९३८ चा. भाऊ इंग्रजांविरुद्धच्या माउ माउ लढ्यात जंगलात गेला, आईचा इंग्रजांनी छळ केला, आणि बोर्डिंगातून सुट्टीला घरी आले तर गावच जमीनदोस्त केलेलं.

किंमतही जबर मोजली. २२ वर्षांनी, २००४ मध्ये, मायदेशी परतले तर दोन आठवड्यांत नैरोबीच्या मुक्कामी त्यांच्यावर आणि पत्नीवर भीषण हल्ला झाला. त्यांना देवमाणूस मात्र करू नका. २०२४ मध्ये त्यांच्या लेखक मुलाने जाहीर आरोप केला, की वडील आईला मारायचे. मला ते वाचून वाईट वाटलं, पुस्तकं मी तरीही टाकली नाहीत. मे २०२५ मध्ये ते अमेरिकेत वारले.

वाचायचं तर आधी त्यांची 'विझर्ड ऑफ द क्रो' ही कादंबरी उघडू नका. त्यातला मंत्री पॅरिसला जाऊन कान मोठे करून आणतो, हुकूमशहाला शत्रूची कुजबुज ऐकवता यावी म्हणून. मजा आहे, पण पुस्तक उशीएवढं जाड. 'डेव्हिल'पासून सुरुवात करा, आणि चोरांची भाषणं कोणाला तरी मराठीत सांगत सांगत वाचा. मी घरी जेवताना सांगितली होती. डब्यातल्या हवेला सगळे हसले. शिशुशाळेला बहीण हसली नाही; तिने त्याच आठवड्यात भाचीच्या नर्सरीची फी भरली होती.