पायात काटा, जांघेत गाठ: तुमचे प्रश्न

प्रश्न: बाभळीचा काटा तळपायात मोडला, पू झाला आणि आता जांघेत गाठ दुखतेय. काटा खाली, मग गाठ वर कशी?

उत्तर: यालाच आपल्याकडे अवधाण आलं म्हणतात. काट्यासोबत जंतू आत गेले की काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात, पू म्हणजे बराचसा या मेलेल्या पेशींचाच लगदा असतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं की प्रत्येकीचं केंद्रक तीन-चार मण्यांचं, दोऱ्यात ओवल्यासारखं जांभळं दिसतं, मी हे इतक्या वेळा पाहिलंय तरी अजून बघत राहावंसं वाटतं. तोवर दुसऱ्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून (पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) जांघेतल्या गाठींपर्यंत जातात, तिथे लाखो बी आणि टी पेशींपैकी (याही पांढऱ्या पेशीच, पण प्रत्येक ठरावीक जंतू ओळखणारी) ज्यांना तो तुकडा नेमका जुळतो त्याच भराभर वाढायला लागतात, म्हणून गाठ फुगते. म्हणजे गाठ चोळून जिरवायची नाही, काटा काढून घ्यायचा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगायचं. काटा निघून जखम भरली तरी दोन-तीन आठवड्यांत गाठ बसली नाही तर मात्र दाखवाच.

प्रश्न: गोवर एकदाच होतो, मग सर्दी दर महिन्याला का?

उत्तर: गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही आणि शरीर त्याला विसरत नाही. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फॅरो बेटांवर १७८१ नंतर गोवर आलाच नव्हता, थेट १८४६ मध्ये आला आणि हजारो लोक आजारी पडले, पण पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरांना दिसलं की लहानपणी गोवर झालेले म्हातारे तेवढे सुटले, ६५ वर्षांनीसुद्धा! सर्दीच्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत, दरवेळी पाहुणा नवीन. आणि हे वाचून कुणी मुलाला मुद्दाम गोवर होऊ देऊ नका, त्याने आधीच्या आजारांची जमवलेली आठवणसुद्धा पुसली जाते, लस हाच रस्ता.

प्रश्न: इम्युनिटी वाढवायची पावडर घेऊ का?

उत्तर: नको. तेच पैसे डाळ, अंडी, फळांवर घाला, आणि नीट झोपा.

प्रश्न: मिस्टरांना चार वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. आता भीती नाही ना?

उत्तर: ताई, इथे उलटं आहे. डेंग्यूचे ४ प्रकार आहेत, एक झाला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं, पण दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटीबॉडीज (जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) त्याला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, उलट त्याला पेशीत शिरायला मदतच होते, म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर व्हायची शक्यता जास्त. ताप आला तर पॅरासिटामॉलच द्या, आयबुप्रोफेन-ॲस्पिरिन अजिबात नको, आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याच एक-दोन दिवसांत पोट जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.