कोणी काही केलेच नाही

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. पाचवीपासून चौघी मैत्रिणींचा घट्ट गट होता. गेल्या तीन महिन्यांपासून बाकीच्या तिघींनी तिच्याशी बोलणे टाकले आहे. भांडण झालेले नाही, कोणी तिला शिवी दिली नाही की हात लावला नाही. ती बाकाजवळ गेली की मोकळ्या जागेवर दप्तर ठेवले जाते आणि ‘इथे कोणीतरी बसणार आहे’ असे सांगितले जाते. चौघींचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे, पण त्यावर कोणी काही लिहीत नाही, कारण तिला वगळून दुसरा ग्रुप तयार झाला आहे. मधल्या सुट्टीत ती सूचनाफलकासमोर उभी असते. त्यावरच्या सगळ्या सूचना तिला तोंडपाठ आहेत, हे एकदा बोलता बोलता माझ्या लक्षात आले. मी वर्गशिक्षिकांना भेटले, तेव्हा त्यांनी चौघींना एकत्र बोलावून हातात हात द्यायला लावले. त्यानंतर प्रकार वाढला आणि मुलगी मला काही सांगेनाशी झाली. तिचे वडील म्हणतात, टाळी एका हाताने वाजत नाही. याला छळ म्हणायचे की मैत्रिणींमधला रुसवा? मी काय करावे?
— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत बोलकी खूण तो सूचनाफलक आहे. आपण एकट्या पडलो आहोत हे चारचौघांना दिसू नये, म्हणून काहीतरी वाचत असल्याचे भासवणारी मुलगी रोज तेच कागद वाचते, आणि हे ती एक-दोन दिवस नव्हे तर इतके दिवस करत आहे की ते तिला पाठ झाले आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते : हा छळच आहे.

रुसवा आणि छळ यांतला फरक ओळखण्यासाठी नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांच्या तीन कसोट्या आजही उपयोगी पडतात. त्रास जाणूनबुजून दिला जातो का, तो पुन्हा पुन्हा दिला जातो का, आणि दोन बाजूंच्या ताकदीत इतका फरक आहे का की सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करता येऊ नये? आपल्या भाषेत बोलायचे तर कट्टीला निदान कारण असते, ती तोंडावर सांगितली जाते आणि तिच्या पाठोपाठ बट्टीही येते. तुमच्या मुलीला कारण सांगितलेले नाही, मुदत सांगितलेली नाही, आणि समोर तिघी एकीने उभ्या आहेत. याला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. मोठ्या माणसांच्या बाबतीत तो शब्द ऐकताच आपण दचकतो, पण मुलींच्या बाबतीत तेच घडले की ‘या वयात असे चालायचेच’ म्हणून मोकळे होतो.

या प्रकाराकडे अभ्यासकांचे लक्षही उशिराच गेले. हाणामारी डोळ्यांना दिसते, म्हणून बराच काळ तेवढीच मोजली जात होती. फिनलंडमधील किर्स्टी लागेरस्पेट्झ, काय ब्यॉर्कक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अकरा-बारा वर्षांच्या मुलांमधली अप्रत्यक्ष आक्रमकता अभ्यासली. १९९५ मध्ये निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर या अमेरिकी संशोधकांनी मैत्रीलाच हत्यार बनवणाऱ्या वागणुकीचा स्वतंत्र अभ्यास मांडला. अफवा पसरवणे, मुद्दाम वगळणे, ‘तिच्याशी बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही’ अशी धमकी देणे, हे सारे त्यात येते. मात्र यावरून ‘मुलींची जातच अशी’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना थांबवले पाहिजे. नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा वागणुकीत मुलगे आणि मुली यांच्यात नाममात्रच फरक आढळला. मुलगे हेही करतात आणि शिवाय मारामारीही करतात, इतकेच. ‘मुलींचे हे असेच असते’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सोयीचे आहे, कारण ते उच्चारले की कोणाला काही करावे लागत नाही.

आता वर्गशिक्षिकांच्या प्रयत्नाविषयी. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्यांनी भांडणाचा उपाय छळाला लावला. समेट बरोबरीच्या दोघांत होतो. तिघींसमोर एकटीला उभे करून ‘काय झाले ते सांग’ म्हटले की ती काय सांगणार? ‘त्या माझ्याशी बोलत नाहीत’ एवढेच. त्यावर उत्तर तयार असते : ‘बाई, आम्ही काही केलेच नाही.’ आणि ते अक्षरशः खरेही असते! या छळाची सगळी रचनाच न केलेल्या गोष्टींची आहे. जागा दिली नाही, उत्तर दिले नाही, बोलावले नाही, नजर मिळवली नाही. म्हणून ‘तिने तुला काय केले?’ हा मोठ्यांचा नेहमीचा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. हात मिळवून बाहेर पडलेल्या तिघींना मात्र दोन गोष्टी कळल्या : हिने तक्रार केली, आणि तक्रारीने आपले काही बिघडत नाही.

तेव्हा मुलीला विचारताना प्रश्न उलटा करा. ‘आज कोणी त्रास दिला का?’ असे न विचारता ‘आज मधल्या सुट्टीत कुठे होतीस, प्रयोगाला जोडीदार कोण होती, परतताना बरोबर कोण होते?’ असे विचारा, तेही समोर बसवून नव्हे तर काहीतरी काम करता करता. ती जे सांगेल ते तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक प्रसंग हास्यास्पद वाटतो. दप्तर ठेवले, यात काय मोठे? तीच नोंद तीन आठवड्यांत अकरा वेळा आली की शिक्षिकांनाही ती वेगळी दिसेल. मोबाइलवर काही आले असेल तर ते पुसू नका, जपून ठेवा. आणि काहीही झाले तरी काळजीपोटी तिचा फोन काढून घेऊ नका. पुढच्या वेळी ती सांगणार नाही याची ती हमीच असते.

शाळेत पुन्हा जा, पण या वेळी न्याय मागायला नव्हे, तर व्यवस्था मागायला. बसण्याच्या जागा काही आठवड्यांसाठी शिक्षिकांनी ठरवाव्यात, प्रकल्पाचे गट मुलींनी न निवडता शिक्षिकांनी पाडावेत, मधल्या सुट्टीत तिला ग्रंथालयात किंवा एखाद्या उपक्रमात जायला जागा असावी, आणि तिघींशी बोलायचे असेल तर एकेकीशी स्वतंत्रपणे बोलावे. या मागण्या साध्या आहेत, त्यांना पुरावा लागत नाही आणि त्यात कोणाला दोषी ठरवावे लागत नाही. त्या मुलींच्या आयांना परस्पर फोन करण्याचा मोह मात्र आवरा. प्रत्येक आई आपल्या मुलीची बाजू घेणार, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलीला वर्गात मोजावी लागणार.

शाळेबाहेर तिला एक मैत्रीण असेल, किंवा जुळू शकेल अशी कोणी असेल, तर त्या मैत्रीला खतपाणी घाला. चांगली मैत्रीण असलेल्या मुलांना अशा छळाची झळ कमी बसते, असे अभ्यासांतून दिसले आहे. आणि त्यासाठी दहाजणी लागत नाहीत, एक पुरते. तिचे जेवण-झोप बिघडली, ती शाळा बुडवू लागली, तर समुपदेशकाची मदत घ्या. ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे शब्द तोंडून निघाले किंवा तिने स्वतःला इजा केल्याचे दिसले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

राहिली टाळी. तिच्या वडिलांना सांगा की टाळी एका हाताने वाजत नाही हे खरे आहे, पण थप्पड एका हातानेच बसते.

प्रश्न : ताई, आमच्या वर्गातल्या एका मुलीला सगळ्यांनी एकटे पाडले आहे. तिची नक्कल केली की सगळ्या हसतात. मी कधी नक्कल केली नाही, पण हसते, कारण नाही हसले तर पुढचा नंबर माझा असेल. माझे चुकते का?
— इयत्ता आठवी

उत्तर : हो, चुकते. ते तुलाही ठाऊक आहे, नाहीतर तू हे पत्र लिहिले नसतेस. पण तुझी भीती खोटी नाही, म्हणून तुला उपदेश करणार नाही.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की वर्गातल्या छळात फक्त दोन पात्रे नसतात. सुरुवात करणारी असते, तिला साथ देणाऱ्या असतात, हसून बळ देणाऱ्या असतात, बाजूला राहणाऱ्या असतात आणि क्वचित वाचवणारीही असते. तू हसून बळ देणाऱ्यांत आहेस. नक्कल करणारीचे डोळे कुठे असतात ते एकदा नीट पाहा. ती जिची नक्कल करते तिच्याकडे पाहत नाही. ती तुमच्याकडे पाहते.

कॅनडात शाळेच्या मैदानावर चित्रीकरण करून केलेल्या एका अभ्यासात (तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला) असे दिसले की बहुतेक प्रसंगी इतर मुले हजर होती, पण मध्ये पडणारी थोडीच होती. ती मध्ये पडली तेव्हा मात्र निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. ती मुले तुझ्याहून लहान होती. तुला मैदानात उडी घ्यायची गरज नाही. न हसणे ही पहिली पायरी आहे. नक्कल सुरू होताच वहीत डोके घालणेही चालेल. तिच्याबद्दलचा संदेश आला तर पुढे पाठवू नकोस. जाता जाता तिला आजच्या गृहपाठाबद्दल विचार. आणि हे एकटीने करू नकोस. मनातून अवघडलेली आणखी एक तरी वर्गात असतेच, ती शोध. दोघी मिळून तिच्या शेजारी बसलात की ‘पुढचा नंबर’ लावणे कठीण होते.

मी शाळेत होते तेव्हा मीही अशीच हसले होते. जिच्यावर हसले तिचे नाव, तिच्या वेणीची रिबन, मान खाली घालण्याची तिची पद्धत मला आजही आठवते. त्या दिवशी विनोद कोणता झाला होता, ते मात्र आठवत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अभ्यासात पुढे आहे, सर्व शिक्षकांची लाडकी आहे. तरी ती एका मुलीला वर्गात एकटे पाडते, अशी तक्रार शाळेतून आली. माझा विश्वास बसत नाही. तिला त्या मुलीची माफी मागायला लावू का?
— एक पालक

उत्तर : लाडकी असणे आणि असे वागणे यांत विरोध नाही. कोणाला काय लागते, कोण कोणाच्या शब्दाबाहेर नाही, हे ज्या मुलीला नेमके कळते तिलाच दुसरीला असे एकटे पाडता येते. तुमची मुलगी दुष्ट आहे असा याचा अर्थ नव्हे. आपले स्थान टिकवण्यासाठी तिला हा मार्ग सापडला आहे आणि आजवर कोणी तो अडवला नाही.

‘माझी मुलगी असे करणारच नाही’ हे तिच्यासमोर बोलू नका, कारण ते ऐकताच तिला आडोसा मिळतो. आरडाओरडाही नको. काय केले नाही ते तिच्याकडून एकेक करून वदवून घ्या : कोणत्या दिवशी उत्तर दिले नाही, कोणाला बोलू नकोस म्हणून सांगितले, ग्रुप कोणी आणि कोणाला वगळून काढला.

माफी आत्ता मागायला लावू नका. सक्तीची माफी ही त्या मुलीवर आणखी एक सक्ती ठरते, कारण सर्वांसमोर तिला ‘ठीक आहे’ म्हणावे लागते. तुमच्या मुलीने जे बिघडवले ते तिने जागच्या जागी दुरुस्त करावे. ‘तिच्याशी बोलू नका’ असे ज्यांना सांगितले, त्यांनाच तिने जाऊन सांगावे की ते मी चुकीचे सांगितले होते. हे माफीपेक्षा अवघड आहे, ती टाळाटाळ करेल, रडेल, तुमच्यावर रुसेल. तो रुसवा चार दिवस चालू द्या.