चहाऐवजी काय घेऊ, असं विचारलंस

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. सदाशिव पेठेतली खोली, रात्री एकपर्यंत अभ्यासिका, दिवसाला सात-आठ कटिंग, वर परवा मैत्रिणीने हातात ठेवलेला एनर्जी ड्रिंकचा कॅन. आणि एवढं सगळं करूनही दुपारी तीनला राज्यघटनेच्या पुस्तकावर डोकं टेकतं. 'मावशी, चहा सोडायचाय. त्याऐवजी काय घेऊ म्हणजे तरतरी राहील?'

एखादा काढा, चूर्ण किंवा भिजवलेल्या बिया सुचवेन अशी तुझी अपेक्षा असणार. तसलं काही माझ्याकडे नाही. इतकी वर्षं मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे तरतरी 'घेता' येते यावर माझा विश्वासच उरलेला नाही. ती कुठे गळते आहे ते आधी शोधावं लागतं.

चहा नेमकं काय करतो ते समजून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफीन त्या जागा अडवतं, एवढंच. वसुलीवाला दाराशी उभा असताना आतून कडी लावून बसावं, तसा प्रकार. थकवा बाहेर तसाच उभा, उलट वाढत असतो. कॅफीन ओसरलं की सगळा एकदम आत येतो, आणि तू पुन्हा जिना उतरून टपरीवर.

आता चहाच्या बाजूनेही बोलते, नाहीतर तुला वाटेल मावशी साधू झाली. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा चालतं, असं युरोपातली अन्नसुरक्षा संस्था सांगते. तुझ्या सगळ्या कटिंग मिळूनही तू त्याच्या आतच असशील. म्हणजे तुझा प्रश्न प्रमाणाचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफीन दोन वाजता तुझ्याबरोबर अंथरुणात असतं. झोप लागते, पण उथळ. सकाळी उठतानाच अंग मोडलेलं, म्हणून उठल्याउठल्या चहा. हे चक्र तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कॅनबद्दल एकच सांगते. आपल्याकडे अशा पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घालायला परवानगी आहे. पाव लिटरच्या कॅनमध्ये ते दोन कप चहाइतकं होतं. बाकी उरते ती पाच-सहा चमचे साखर आणि जाहिरात. एवढ्या पैशात चार दिवसांची अंडी येतात.

तर गळती कुठे आहे? पहिला संशय रक्तावर. तू लिहिलंस की अभ्यासिकेचे दोन जिने चढताना धाप लागते, केस गळतात आणि पाळीच्या दिवसांत उठवत नाही. हे 'अभ्यासाचं टेन्शन' म्हणून सोडून देऊ नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त स्त्रियांची तीच गत होती. तू त्यांच्यात असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे. तुझ्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर रक्त ऑक्सिजन पुरेसा पोचवत नाही, आणि मग कितीही चहा ओत. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी, करून घे. त्याबरोबर फेरिटिनही कर. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा होत आलेला असू शकतो, आणि ते फेरिटिनमधून कळतं. थायरॉइडची टीएसएच आणि बी१२ ही त्याच वेळी होऊन जाऊ दे.

बी१२ चं मुद्दाम सांगते, कारण तू शाकाहारी. पुण्याच्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांमधल्या बी१२ च्या कमतरतेवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही. शाकाहारी माणसाला त्यासाठी दूध, दही, ताक यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि तुझ्या मेसमध्ये दही रविवारच्या फीस्टलाच दिसतं. कमतरता निघाली तर गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्याला विचारून लाल रंगाचं टॉनिक आणू नकोस.

इथेच चहाचा एक खरा तोटा येतो, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं जेवणातलं लोह धरून ठेवतात, ते रक्तात पोचू देत नाहीत. पालेभाजी, उसळ, बाजरीची भाकरी असं जेवून लगेच चहा घेतलास तर त्यातलं बरंचसं लोह वाया जातं. जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा नको. जेवताना लिंबू पिळून घे, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. मेसमध्ये लिंबाच्या फोडीचे वेगळे पैसे घेत नाहीत, घेत असले तरी मागून घे. आईला सांग, पुढच्या डब्यात शंकरपाळ्यांऐवजी हळिवाचे लाडू पाठव म्हणावं. बाळंतिणीलाच खायचे असतात असं काही नाही.

दुसरी गळती पाण्याची. यावर तू एक वाक्य लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. 'अभ्यासिकेत पाणी कमीच पिते, कारण बाथरूम एकच आहे आणि घाण असतं.' हे मी किती मुलींकडून ऐकलं असेल! ऑफिसात, एसटीच्या प्रवासात, परीक्षा केंद्रावर, सगळीकडे बायका तहान मारतात. थोडंसं पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, आणि आपल्याला वाटतं चहाची वेळ झाली. वर लघवी दाबून ठेवल्याने जळजळ आणि ताप यांचं दुखणं मागे लागतं. तेव्हा हा प्रश्न शरीराचा नाही, अभ्यासिकेच्या मालकाचा आहे. महिन्याचे पैसे देता ना? चारपाच जणी मिळून जा आणि स्वच्छता मागा. नाही ऐकलं तर त्याच गल्लीत दुसऱ्या दहा अभ्यासिका आहेत, त्यातली बाथरूम बघून निवडा. एसी आणि वायफाय नंतर. पुरेसं पाणी पितेस की नाही याला मापाची बाटली नको. लघवीचा रंग फिकट असला की झालं.

खाण्याबद्दल थोडक्यात. सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या आणि भाताचा डोंगर, संध्याकाळी वडापाव. यात पोट भरतं, पण प्रथिनं कुठे आहेत? नुसत्या पिठूळ जेवणानंतर साखर चढते आणि उतरते, तेव्हा तुझे तीन वाजलेले असतात. भात सोडायला मी सांगणार नाही, भात सोडून सुखी झालेला मराठी माणूस मी पाहिलेला नाही. त्याचा डोंगर कमी कर आणि उसळीची वाटी दुसऱ्यांदा घे. पोह्यांबरोबर मोडाची मटकी चालेल, अंडी चालत असतील तर उकडलेली दोन. टेबलावर फुटाणे आणि शेंगदाणे असू देत. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते म्हणून चहा-बिस्किटांवर रात्र काढायची, हा प्रकार तर आधी बंद. आणि चहातली साखर मोजलीस कधी? आठ कपांत दीड-दीड चमचा म्हणजे बारा चमचे, जवळजवळ ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची जी वरची मर्यादा सांगितली आहे, ती सगळी एकट्या चहात संपली.

आता झोप. 'पाच तासांत भागवते' हे तू अभिमानाने लिहिलं आहेस. पेठांमध्ये हा अभिमान सगळ्यांनाच असतो, कोण किती जागलं याची चढाओढ लागते. पण दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. तुझ्या वयाला सात तास तरी हवेतच, आणि दोन तास कापून तू जे जास्तीचं वाचतेस, त्यातलं किती आठवतं ते स्वतःच तपासून बघ. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तीन तास सलग लिहायला ताजं डोकं लागतं, जागरणाचा हिशोब तिथे कुणी विचारत नाही.

झोपायची वेळ एका दिवसात बदलत नाही, त्यामुळे तिच्या मागे लागू नकोस. उठायची वेळ पक्की कर, रविवारीसुद्धा तीच. आणि उठल्यावर अर्ध्या तासात बाहेर पड. शरीरात एक घड्याळ असतं. ते पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ लागतं ते उजेडावर. बाहेर ढगाळ सकाळ असली तरी उजेड हजारो लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, अभ्यासिकेतल्या ट्यूबलाइटखाली जेमतेम काहीशे. तू दिवसभर अंधारात बसतेस आणि रात्री एकला मोबाइलच्या उजेडात, घड्याळ गोंधळणारच.

बाहेर पडायचं म्हणजे जिम लावायची नाही. तुझ्या खोलीपासून पर्वती चालत जाण्यासारखी आहे. शंभराच्या वर थोड्याच पायऱ्या, वर गेलं की अख्खं पुणं दिसतं, आणि येताना घाम आलेला असतो. ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी खोलीत बारा सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते शाळाशाळांत नेले, ते सतरंजीएवढ्या जागेत होतात म्हणूनही असेल. फक्त रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत पायऱ्या दमाने चढ. धाप लागली तर थांब.

दुपारच्या तीनचं काय? ती सुस्ती थोडी सगळ्यांनाच येते, जेवलं नाही तरी येते. तिच्याशी भांडू नकोस. जेवून दहा मिनिटं चाल आणि मग वीस मिनिटं आडवी हो, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलीस तर गाढ झोपेतून उठल्यासारखं डोकं बधिर होतं. पुण्यातल्या दुकानदारांची आपण दुपारच्या झोपेवरून थट्टा करतो, पण शरीराच्या दृष्टीने त्यांचं काही चुकत नाही.

टपरी मात्र सोडू नकोस. चारला तुम्ही सगळ्या खाली उतरता, दहा मिनिटं उभ्या राहता, हसता, उन्हात असता. तुला वाटणारी तरतरी निम्मी त्यातूनच येते. जा, लिंबू सरबत घे, नाहीतर नुसतीच उभी राहा. घरी गवती चहा-आलं उकळून प्यायला हरकत नाही, त्यात कॅफीन नसतं. ग्रीन टीमध्ये असतं, आणि कोलामध्येही.

सोडायचा कसा, तर एकदम नाही. रोजची सवय तोडली की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी जोर धरतं, आठवडाभर मरगळ राहते. लोक तिथेच हरतात. आधी दुपारी दोननंतरचे कप बंद कर. ते सवयीचं झालं की सकाळचे दर तीन-चार दिवसांनी एकेक कमी कर. सकाळचे दोन राहिले तर राहू देत, ते दोन मी स्वतः घेते. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर यातलं काही सुरू करू नकोस, नंतर कर.

आणखी एक. सगळं करून, पुरेसं झोपूनही थकवा जात नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ते आळसाचं लक्षण नसतं, आणि लोहाचंही नसेल. तेव्हा मेसेज नको, सरळ फोन कर, रात्री कितीही वाजता.

रक्ताच्या चाचणीसाठी याच आठवड्यात सकाळी जा. पैशांची अडचण असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी कर, नाहीतर मला सांग. रिपोर्ट आला की फोटो पाठव. गोळ्या सुरू झाल्या तर लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा-दुधाबरोबर नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस, लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच.

तुझी,
मावशी