‘विस्मय जोपासणे’ हा प्रयोग योग्य आहे का?

एका वाचकाने विचारले आहे की, मनःस्वास्थ्याविषयीच्या लेखनात हल्ली ‘रोजच्या जगण्यात विस्मय जोपासा’ असा सल्ला आढळतो. परंतु विस्मय हा वाटतो, ठरवून आणता येत नाही, मग तो जोपासायचा कसा? शिवाय तेथे ‘आश्चर्य’ किंवा ‘नवल’ हा शब्द अधिक सोपा आणि नेमका ठरला नसता का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. अमरकोशात विस्मय, अद्भुत, आश्चर्य आणि चित्र हे शब्द एकत्रच दिलेले आहेत, त्यामुळे केवळ कोशाच्या आधारे त्यांत भेद करता येणार नाही. मराठीच्या वापरात मात्र भेद जाणवतो. आश्चर्य बहुधा अपेक्षेविरुद्ध काही घडल्याने वाटते. कधीही वेळ न पाळणारा माणूस वेळेवर आला तर आपल्याला आश्चर्य वाटते, विस्मय नव्हे. आणि तक्रारीच्या पत्रात ‘सखेदाश्चर्य’ लिहिणाऱ्याच्या मनात नाराजीच अधिक असते. अशा आश्चर्याचे कारण कळले की ते ओसरते. विस्मयाचे तसे नाही, आणि माझ्या मते या दोन शब्दांतला खरा फरक येथेच आहे.

पहाटे गवताच्या पात्याच्या टोकाशी लोंबणारा एखादा थेंब अगदी जवळून पाहावा. त्यात मागचे झाड आणि आकाश उलटे दिसते, कारण थेंब भिंगाचे काम करतो. टोकावरचे असे थेंब दवाचेच असतात असे नाही. माती ओली आणि हवा दमट असली की मुळांनी घेतलेले पाणी वाफ होऊन पुरेसे बाहेर पडत नाही, आणि मुळांतील दाबामुळे ते पात्याच्या टोकाजवळच्या सूक्ष्म रंध्रांतून थेंब होऊन बाहेर येते. हे समजल्यावर ‘हे कसे झाले?’ हा प्रश्न सुटतो. तरीही पाहणारा तेथून हलत नाही, उलट अधिक वाकून पाहू लागतो. कारण कळूनही जे उरते, किंबहुना वाढते, त्याला मराठीत विस्मय म्हणणे मला योग्य वाटते.

‘विस्मय’ हा शब्द ‘वि’ उपसर्ग आणि ‘स्मि’ धातू यांपासून बनला आहे. ‘स्मित’ही त्याच धातूचे. (‘विस्मरणा’शी त्याचा संबंध जोडला जातो तो चुकीचा आहे, तेथील धातू ‘स्मृ’ आहे.) नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, मानला आहे, आणि डोळे विस्फारणे, पापणी न लवणे, रोमांच, अश्रू ही त्याची प्रकट होण्याची लक्षणे सांगितली आहेत. गीतेच्या 11व्या अध्यायात विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनाला ‘विस्मयाविष्ट’ (विस्मयाने व्यापलेला) आणि ‘हृष्टरोमा’ (रोमांचित) म्हटले आहे, आणि पुढे तो स्वतःच सांगतो की, पूर्वी कधी न पाहिलेले हे रूप पाहून आपल्याला हर्ष झाला असला तरी मन भयाने व्याकूळ झाले आहे. हर्ष आणि भय यांचे हे एकत्र येणे ‘नवल’ या शब्दात मुळीच मावत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी 2003 मध्ये या भावनेची दोन मुख्य लक्षणे मांडली, ती अशी: समोरच्या गोष्टीची विशालता जाणवणे, आणि ती सामावून घेण्यासाठी मनातील जुनी चौकट बदलावी लागणे. ही विशालता आकाराचीच असावी असे नाही. एखाद्याच्या निःस्वार्थ धैर्यातही ती जाणवते. या वर्णनाला ‘विस्मय’ पेलतो, ‘आश्चर्य’ पेलत नाही.

संस्कृतात ‘विस्मय’ याचा आणखी एक अर्थ गर्व असाही आहे. मराठीने तो घेतला नाही, हे फार चांगले झाले, कारण आज या शब्दाकडून आपल्याला नेमके उलटे हवे आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर व्यक्तींनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा 15 मिनिटे, विस्मयकारक काही आढळते का हे पाहत फेरफटका मारला; त्या वेळी त्यांनी काढलेल्या स्वतःच्या छायाचित्रांत हळूहळू त्यांची आकृती लहान होत गेली, भोवतालाला अधिक जागा मिळू लागली, आणि चेहऱ्यावरचे हसूही वाढले. विस्मय आणि स्मित यांचे नाते जाणणाऱ्याला यात विशेष आनंद वाटावा.

आता पहिला प्रश्न. ‘मला विस्मय वाटतो’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही, अनुभव घेणारा आहे. ‘मी विस्मय करतो’ हे आज कानाला खटकते. वाचकाची शंका म्हणूनच रास्त आहे. परंतु ‘जोपासणे’ या क्रियापदाकडेही पाहिले पाहिजे. आपण रोप जोपासतो, छंद जोपासतो, स्नेह जोपासतो. यांपैकी कशाचीही वाढ आपल्या हुकमाने होत नाही, आपण फक्त तिला वाव देतो. विस्मयाच्या बाबतीत वाव देणे म्हणजे थांबणे, निरखणे, आणि माहीत असलेली वस्तूही पुन्हा नीट पाहणे. एवढे आपल्या हाती आहे, तेव्हा प्रयोग अशुद्ध नाही. अधिक काटेकोर लिहायचे असल्यास ‘विस्मयवृत्ती जोपासणे’ असे लिहावे.

बोलण्यात मात्र मी ‘कौतुक’ सुचवीन. आज त्याचा अर्थ प्रशंसेकडे झुकला असला, तरी ‘एवढ्याशा बीमध्ये एवढे झाड असते, याचे मला अजून कौतुक वाटते’ या वाक्यात जुना, नवलाचा अर्थ जिवंत आहे. शिवाय कौतुक वाटतेही आणि करताही येते, ही सोय ‘विस्मया’ला नाही. ‘भारावून जाणे’ मात्र येथे टाळावे. ‘भारणे’ म्हणजे मंत्राने प्रभावाखाली आणणे, आणि भारावलेल्या माणसाचा विवेक काही काळ दुसऱ्याच्या हाती असतो. आध्यात्मिक लेखनात ‘विस्मय’ आणि ‘भारावणे’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, तेथे ही काळजी विशेष घ्यायला हवी.